दिवेकरांचा नवस

आमच्या तुळजापुरात नवस फेडायला आलेली माणसे बारा महिने दिसतात. नवस म्हणजे देवाचे देणे, ते बुडवायचे नसते, हे इथल्या पोरालाही कळते. मुंबईतल्या एका स्टेशनच्या नावामागे असाच एक नवस आहे, हे मात्र मला बँकेच्या नोकरीत उशिरा कळले.

बदलीवर असताना दोन वर्षे मी मस्जिद स्टेशनवर चढलो-उतरलो. नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असेल, असे धरून चाललो होतो. निघायच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या खातेदाराने सांगितले, की ही मशीद ज्यूंची! बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आणि स्टेशनाचे नाव तिच्यावरूनच आले असे मानतात.

ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर.

त्यांचा समाज कोकणातला. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढची पिढ्यान् पिढ्या ही माणसे तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत, गावावरून आडनावे घेत. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढी शिदोरी त्यांनी जपली. ना पोथी, ना देऊळ. मला याचेच नवल वाटते.

अठराव्या शतकात यातले बरेच जण मुंबईला येऊन कंपनीच्या पलटणीत शिरले. दिवेकर त्यांतलेच, आणि मोठ्या हुद्द्यापर्यंत चढलेले. १७८० साली म्हैसूरशी दुसरे युद्ध पेटले आणि ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटका कशी झाली? टिपूच्या आईने बेने इस्राएल हे कुराणातले नाव ऐकले आणि त्यांच्यासाठी रदबदली केली, असे एक कथा सांगते. दुसरी म्हणते, कोचीनच्या ज्यूंनी त्यांना सोडवले. कादंबरीकार म्हणून मला पहिली आवडते. पण पुढचे पाहता दुसरी अधिक पटते. जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता. हा समाज नवसाचा जुनाच; एलियाहू हन्नाबीला पोहे-खोबऱ्याचा मलिदा ते आजही करतात.

युद्ध १७८४ मध्ये संपले. मुंबईत मांडवीला त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७९६ साली. शाआर हारहमीम, दयेचे द्वार. बेने इस्राएलांचे हे पहिलेच.

पण घर झाले तरी ग्रंथ नव्हता. चामड्यावर हिब्रूत हाताने लिहिलेला सेफेर तोरा छापखान्यात मिळत नाही. तो आणायला दिवेकर कोचीनला गेले. तिथे १५६८ सालचे प्रार्थनामंदिर होते, जाणकार होते. १७९७ मध्ये तिथेच त्यांना मरण आले. आपल्या मंदिरात तो ग्रंथ उघडलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१८६० मध्ये ही वास्तू जवळच नव्याने बांधली गेली. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. शेजारचा रस्ता सॅम्युअल स्ट्रीट. तिथल्या टपरीवर मी दोन वर्षे चहा प्यालो. हा सॅम्युअल कोणी इंग्रज साहेब असेल, अशीच माझी समजूत होती.