कै. फ्रँक लेही
अमेरिकेंतील फुटबॉल आपल्याकडील खेळाहून निराळा. तेथें लांबट चेंडू हातीं घेऊन धांवतात. ह्या खेळाचे विख्यात क्रीडाशिक्षक फ्रँक लेही १९०८ सालीं नेब्रास्का राज्यांत जन्मले. नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठांत ते शिकले व १९४१ सालीं तेथेंच संघाचे मुख्य शिक्षक झाले. नौदलांतील युद्धसेवेहून परतल्यावर, १९४६ ते १९४९, त्यांचा संघ एकदांही हरला नाहीं. दोन सामने मात्र बरोबरींत सुटले. जयाचा असा ध्यास देहास कुठवर पेलणार? १९५३ च्या ऑक्टोबरांत एका सामन्याच्या मध्यंतरांत ते कोसळले. धर्मगुरूंनीं त्यांस अंत्याभ्यंगाचा संस्कार दिला. संघ जिंकला, तेही वांचले. परंतु ४५ व्या वर्षींच त्यांनीं पद सोडलें. १९७३ सालीं पोर्टलंड येथें ते निवर्तले.