खडकीच्या पोटातले पाणी : मलिक अंबर आणि त्याची नहर

रमजानच्या दिवसांत पाण्याविषयी लिहायचे म्हटले, तर मराठवाड्यातल्या माणसाला मलिक अंबरला ओलांडून पुढे जाता येत नाही. बारा-तेरा तासांच्या रोजानंतर खजूर तोंडात टाकून पाण्याचा पहिला घोट घेतो, तेव्हा त्या घोटाची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे सदका-ए-जारिया अशी एक कल्पना आहे. देणारा गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना होत राहतो, असे दान. विहीर खोदणे, पाणपोई घालणे हे त्यातले पहिल्या मानाचे. मलिक अंबरने हे काम पुण्यासाठी केले की राज्यासाठी, याचा निवाडा आपण करू नये. पण त्याने जमिनीखालून आणलेले पाणी शहराने पुढे तीनशेहून अधिक वर्षे प्यायले, एवढे मात्र खरे.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. गरिबीमुळे आईबापांनीच त्याला विकले असेही सांगितले जाते. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात ८० गिल्डरांना त्याचा सौदा झाला, असे पीटर व्हान डेन ब्रोक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. हा व्यापारी १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. तोवर ८० गिल्डरांचा तो पोर हजारोंच्या फौजेचा सेनापती आणि एका राज्याचा कर्ताधर्ता झालेला होता.

पुढे बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभार शिकवला आणि अंबर हे नाव दिले. इथे उर्दूचा मास्तर म्हणून थोडे थांबतो. मराठी वाचकाला अंबर म्हटले की आकाश आठवते, नाहीतर पीतांबर. हा अंबर वेगळा. अरबीत तो एक मौल्यवान सुगंधी पदार्थ आहे. गुलामांना काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, अशी नावे देण्याची तेव्हा रीतच होती. माणूस बाजारात उभा करायचा आणि नाव ठेवायचे सुगंधाचे! अलाउद्दीन खिलजीचा मलिक काफूर याच रीतीतला.

१५७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः हबशी होता आणि स्वतःही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी होते. काही वर्षांतच चंगीजखान मारला गेला, त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले, आणि विशीतला एक सडा शिपाई दख्खनच्या राजकारणात उतरला. मधली वीस वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. तो गोवळकोंड्याला गेला, विजापूरला राहिला, तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला आणि अखेर आपल्या घोडेस्वारांसह पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, मुर्तजा निजामशाह म्हणून त्याला परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत नीट पाय रोवू दिला नाही.

या झुंजीत त्याच्या बाजूने मोठ्या संख्येने मराठे होते. मालोजीराजे भोसले निजामशाहीतच होते आणि शहाजीराजांची उमेद अंबरच्याच काळात घडली. शत्रूच्या रसदेवर धाड घालायची, समोरासमोर न भिडता त्याला दमवायचे, ही लढाईची तऱ्हा डोंगराळ मुलुखात अंबर आणि मराठे यांनी मिळून जोपासली. कोणी कोणाला शिकवले यावर वाद घालण्यात मला तरी रस नाही.

खडकीची गोष्ट सुरू होते ती १६१० मध्ये. दौलताबादच्या किल्ल्यापासून काही कोसांवर, खाम नदीच्या खोऱ्यात खडकी नावाचे लहानसे गाव होते. नावच सांगते की जमीन कशी होती. अंबरने राजधानीसाठी हीच जागा निवडली. भोवती डोंगर, जवळ दौलताबादसारखा बेलाग किल्ला, उत्तरेकडून येणाऱ्या वाटांवर नजर. सेनापतीच्या डोळ्यांनी पाहिले तर जागा उत्तम. पण खाम ही पावसाळ्यात धावणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. फौज, बाजारपेठ, मशिदी, बागा, जनावरे हे सगळे तिच्या जिवावर चालणे शक्य नव्हते. काळ्या कातळात विहिरी खोदाव्यात तर पाणी कुठे लागेल याचा नेम नाही. तलाव बांधावा तर वैशाखातले ऊन त्यातले पाणी पिऊन टाकते, आणि उघड्या पाण्यात शत्रू केव्हाही विष कालवू शकतो किंवा बांध फोडू शकतो.

अंबरने पाणी वर साठवण्याऐवजी ते जिथे आधीच साठलेले असते तिथून उचलायचे ठरवले. दख्खनचा डोंगर बाहेरून कोरडा दिसतो, पण तो थराथरांचा आहे. घट्ट कातळाच्या थरांमध्ये मुरूम आणि भेगाळलेला खडक असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि महिनोन्महिने सावकाश उताराकडे सरकत राहते. म्हणजे डोंगर हीच पाण्याची टाकी. तिला झाकण आहे, तिच्यावर ऊन पडत नाही आणि ती बांधायला एक पैसा लागत नाही. प्रश्न एवढाच, की तिला तोटी कुठे बसवायची.

नहर म्हणजे ती तोटी. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला, खामच्या उगमाकडच्या भागात, जमिनीखालून माणूस आत जाऊ शकेल असा बोगदा खोदला गेला. वरच्या टप्प्यात त्याच्या भिंतींतून पाणी झिरपून आत येते; तिथे चुन्याचा गिलावा करून चालत नाही, कारण दगडांच्या सांध्यांतूनच पाणी यायचे असते. खालच्या टप्प्यात उलटे. तिथे गोळा झालेले पाणी गळता कामा नये, म्हणून पक्के बांधकाम. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने वर उघडणाऱ्या उभ्या विहिरी ठेवल्या. खोदताना राडारोडा वर काढायला, मजुरांना हवा-उजेड मिळायला आणि पुढे गाळ उपसायला त्यांचा उपयोग. अशा सुमारे १४० विहिरी या नहरीवर असल्याचे सांगतात.

सगळ्यात अवघड गोष्ट उताराची. उतार जास्त झाला तर पाणी जोराने धावते आणि बांधकाम खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो आणि नहर कोंडते. शिवाय पाणी शहरात पोहोचेपर्यंत त्याची पातळी वस्तीपेक्षा वर राहिली पाहिजे. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे खरे तर पाण्याविना. आजच्यासारखी दुर्बीण लावलेली यंत्रे नसताना, जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात ज्यांनी हा उतार साधला त्या गवंड्यांची आणि बेलदारांची नावे कुठेच नाहीत.

वस्तीत आल्यावर पाणी खापरी नळांतून फिरवले जाई. मधे मधे दगडविटांचे उंच मनोरे बांधले होते. शहरात त्यांना बंबे म्हणत. पाणी आपल्या उगमाची उंची विसरत नाही. बंद नळातून आले की ते मनोऱ्यात आपोआप वर चढते. तिथे ते उघड्या हवेला लागते, नळात अडकलेली हवा निघून जाते, दाब हलका होतो, आणि दुसऱ्या नळाने ते पुढच्या मोहल्ल्याकडे उतरते. मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. चोवीस तास पाणी मशिदींच्या वजूच्या हौदांत, सरायांत आणि चौकातल्या टाक्यांत पडत राही, आणि चौकातले पाणी भरणाऱ्याला त्याची जात किंवा मजहब विचारला जात नसे, असे मानायला हरकत नसावी.

अंबरने ही योजना मांडली तेव्हा दरबारातल्या एका जुन्या वजिराने त्याची खिल्ली उडवली, अशी आख्यायिका आहे. डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणे हे वेड्याचे काम ठरवले गेले. पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत काम पुरे झाले, असे परंपरा सांगते. ही विद्या त्याने शोधून काढली असे मात्र समजू नये. इराणात अशा भुयारी नहरी दोन हजार वर्षांपासून होत्या. बिदरला बहमनी काळातली कारेज होती. ज्या अहमदनगरात अंबरचे तारुण्य गेले तिथेही आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येत होते. त्याने पाहिले, लक्षात ठेवले आणि वेळ आल्यावर मोठ्या हिमतीने वापरले.

याच काळात, १६१५ च्या सुमारास, बुऱ्हाणपुरातही अशीच भुयारी पाणीयोजना उभी राहत होती. आजही ती कुंडी भंडारा म्हणून पाहता येते. तिचा कर्ता होता मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे शाळेत ज्याचे दोहे आपण शिकलो तो रहीम. आणि खानखाना हा दख्खनच्या रणांगणावर अंबरचा समोरचा मोहरा. दोघे एकमेकांच्या छावण्या लुटत होते, आणि दोघेही आपापल्या शहराखाली एकाच तऱ्हेने पाणी वाहवत होते.

नहरीची परीक्षा लवकरच झाली. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला आणि मोगल फौज खडकीत शिरली. नवी राजधानी तिने जाळली, पाडली. अंबरने शहर पुन्हा उभे केले. १६२१ मध्ये शहाजहानच्या स्वारीत खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा उभी राहिली. वाडे जळतात, बाजार लुटता येतो, पण जमिनीखाली वाहणारे पाणी लुटून नेता येत नाही. पाणी होते म्हणून माणसे राखेवर परत आली, असे माझे मत आहे.

उघड्या पाण्याचे काय होते हे अंबरला चांगलेच ठाऊक होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले, तेव्हा त्याने तिथल्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला. हत्ती, तोफा, ओझ्याची जनावरे रुतली. मग त्याने छापे घालून त्यांना पार खिळखिळे केले. शहाजीराजे या लढाईत त्याच्याकडून लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच कामी आले.

जहांगीर बादशहाला अंबर आयुष्यभर हाती लागला नाही. आपल्या आठवणींत बादशहा त्याचे नाव शिव्यांशिवाय घेत नाही. दरबारी चितारी अबुल हसन याने तर बादशहा अंबरच्या कापलेल्या शिरावर बाण मारतो आहे असे चित्र काढले. चित्रातच काय ते शिर मिळाले! मात्र अंबर गेल्यावर त्याच जहांगीराच्या पदरच्या इतिहासकाराने, मोतमदखानाने, त्याच्या कारभाराची आणि युद्धकौशल्याची मनमोकळी वाखाणणी केली.

तो वारला १६२६ च्या मे महिन्यात. हिजरी सन १०३५, महिना शाबानचा. रमजान दोन आठवड्यांवर आला होता. वय ऐंशीच्या घरात. खुलताबादला, जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याजवळ, त्याची कबर आहे. पत्नी बीबी करीमा यांची कबरही जवळच आहे. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, शहराला फतेहनगर नाव दिले. दहा वर्षांत निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून परतला आणि शहर औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत गेली तरी प्रत्येक राजवटीने नहर साफ ठेवली आणि त्याच पद्धतीने नव्या नहरी जोडल्या. पर्यटकांना दाखवली जाणारी पाणचक्की अशाच एका नंतरच्या नहरीवर चालते. ती मलिक अंबरची, असे पुष्कळदा ऐकायला मिळते. ते बरोबर नाही.

आता शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून, विजेच्या पंपांनी चढवून. नहरीच्या उभ्या विहिरींवर घरे झाली, काही बुजल्या, काहींत सांडपाणी शिरले. उगमाच्या भागात विंधन विहिरी झाल्याने डोंगरातले पाणी बोगद्यापर्यंत येण्याआधीच उपसले जाते. तरीही काही ठिकाणी दगडी झाकण बाजूला केले की खाली पाणी वाहताना दिसते, आणि पावसाळा चांगला झाला की त्याचा आवाजही येतो.