हिस्लॉप साहेब

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे, त्यांची माहिती मी लिहीत आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते ख्रिस्ती पाद्री होते. १८४५ साली ते नागपूरला आले. मराठी शिकले. १८४६ साली त्यांनी शाळा काढली. ते खेड्यापाड्यांत हिंडत आणि गोंड लोकांच्या गोष्टी लिहून ठेवत.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. परत येताना बोरीच्या शाळेत मुलांची परीक्षा घ्यायला थांबले. अंधार पडला. नाल्याला पूर होता. त्यात ते बुडाले.

आमच्या शाळेच्या वाटेवरही नाला आहे. पाऊस आला की माय काम टाकून येते नि हात धरून मले पलीकडे नेते. म्हणून मी आजीले विचारलं, देवानं साहेबांचा हात का नाही धरला? आजी लई वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ते मले ठाऊक नाही, पण देवाची माया माणसाच्या हातानंच येते. त्या दिवशी बोरीच्या पोरांना ती साहेबांकडून भेटली.

आता मी पहिलीतल्या पोरांचा हात धरतो.