न हसणारा विदूषक

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पिक्वा या खेड्यात, ४ ऑक्टोबर १८९५ रोजी बस्टर कीटनचा जन्म झाला. आईवडील गावोगाव खेळ करीत. त्यांच्यासह तोही बालपणीच रंगमंचावर उभा राहिला. १९१७ साली रॉस्को आर्बकल या विख्यात विनोदी नटाने त्यास मूकपटसृष्टीत आणले व त्या कलेचे धडे दिले.

१९२१ साली आर्बकलवर गंभीर आरोप आला. पुढील वर्षी न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. परंतु लोकांनी पाठ फिरविली होती. पडद्यावर शूर लुटारू रंगविणारा विल्यम हार्ट हा नटही त्याच्या निंदकांत सामील झाला. कीटनने मात्र मित्राची बाजू सोडली नाही. १९२२ सालच्या ‘द फ्रोझन नॉर्थ’ या मूकपटात त्याने हार्टच्या लुटारूचे विडंबन केले. त्यातील एकटा दरोडेखोर जाहिरातीतील बंदूकधाऱ्याचे चित्र कापून खिडकीत उभे करतो आणि त्या कागदी साथीदाराच्या धाकाने जुगाराचा अड्डा लुटू पाहतो! सोंग उघडे पडताच त्याची फजिती होते. हे सर्व करताना कीटनच्या मुद्रेवर स्मिताची रेषाही उमटत नाही. हार्टने मात्र बराच काळ अबोला धरला.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी कीटनचे निधन झाले. कटू शब्द न उच्चारताही मित्राची पाठराखण करता येते, हे त्याने दाखवून दिले.