झाडांना नावे देणारे लिनीअस

आमच्या घरामागे परस आहे. न्हाणीचे पाणी तिकडे जाते, म्हणून आई तिथे मेथी, कोथिंबीर, वांगी लावते. मागच्या पावसाळ्यात तिथे एक नवेच रोप उगवले. पाने अगदी गाजरासारखी. मी सगळ्यांना सांगितले की हे गाजर आहे. आजी ते उपटायला निघाली, पण मी उपटू दिले नाही. रोज तांब्याभर पाणी घातले. रोप माझ्या कमरेएवढे झाले. त्याला बारीक पांढरी फुले आली. धाकटी बहीण त्या फुलांनी भातुकली खेळायची. शेवटी मी गाजर काढायला गेलो, तर खाली नुसते मूळ! मग माझ्या हातांना खाज सुटली आणि बहिणीच्या गालावर पुरळ उठले. ती रात्रभर रडली. मला फार वाईट वाटले.

मी रोप कागदात गुंडाळून शाळेत नेले. गुरुजी म्हणाले की हे गाजर गवत आहे. आजी त्याला काँग्रेस गवत म्हणते. मामाच्या गावाला चटक चांदणी म्हणतात. मग खरे नाव कोणते, असे मी विचारले. गुरुजींनी सांगितले की सगळीच खरी, पण साऱ्या जगात चालणारे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे आहे. ते १७५३ साली कार्ल लिनीअस यांनी दिले. गुरुजींनी त्यांची जी गोष्ट सांगितली, ती मी लिहीत आहे.

लिनीअस यांचा जन्म १७०७ साली स्वीडन देशात एका खेड्यात झाला. तिथे फार थंडी असते. त्यांचे वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. त्यांना बागेचा लई नाद होता. त्यांनी छोट्या कार्लला बागेत एक वाफा दिला. कार्ल सारखा झाडांची नावे विचारायचा आणि विसरायचा. एकदा वडील रागावले. विसरलास तर पुन्हा नाव सांगणार नाही, असे त्यांनी बजावले. तेव्हापासून तो एकेक नाव पाठ करू लागला.

शाळेत त्याचे लक्ष लागेना. गुरुजनांना वाटले की हा धर्मगुरू होणार नाही. वडिलांनी त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठेवायचा विचार केला. पण एका डॉक्टरांनी त्याची हुशारी ओळखली आणि त्याला वैद्यकी शिकवायला सांगितले. म्हणून त्याचे शिक्षण चालू राहिले. शिकताना गरिबी होती. फाटक्या बुटांत कागद घालून दिवस काढले.

१७३२ साली लिनीअस लॅपलँड या उत्तरेकडच्या थंड भागात एकटे गेले. काही महिने फिरून त्यांनी पुष्कळ झाडे पाहिली व लिहून ठेवली. झाड ओळखताना ते फुलातले केसर मोजत असत. पुढे १७४१ साली ते उप्साला शहरात प्राध्यापक झाले. ते विद्यार्थ्यांना घेऊन रानात झाडे ओळखायला जात. परत येताना ढोल आणि शिंगे वाजवत सगळे गावात येत. आपली सहल अशी निघाली तर किती मजा येईल!

त्या काळी झाडांची शास्त्रीय नावे एका ओळीएवढी लांब असत. ती कुणाच्या ध्यानात राहत नसत. लिनीअस यांनी प्रत्येक झाडाला दोनच शब्दांचे नाव दिले, जसे आपले आडनाव आणि नाव. १७५३ साली त्यांनी सुमारे सहा हजार झाडांचे पुस्तक छापले. ते आपल्या देशात कधी आले नाहीत, तरी आपल्या आंब्याचे मँजिफेरा इंडिका हे नावही त्यांनीच दिले. गाजर गवत मूळचे अमेरिकेतले. पुण्याला ते १९५५ च्या सुमारास दिसले. म्हणजे गवत यायच्या दोनशे वर्षे आधीच त्याचे नाव तयार होते! त्या नावामुळे दुसऱ्या देशातल्या लोकांनी या गवताबद्दल लिहिलेले आपल्याला कळते.

म्हातारपणी लिनीअस आजारी पडले आणि त्यांची आठवण गेली. स्वतःची पुस्तके वाचून त्यांना आनंद व्हायचा, पण ती आपणच लिहिली हे आठवत नसे. हे ऐकून मला रडू आले. १७७८ साली ते वारले. पण त्यांनी दिलेली पुष्कळ नावे अजून चालू आहेत.

आता बहीण बरी आहे. बाबांनी हाताला पिशव्या बांधून परसातले गाजर गवत उपटून टाकले. ते फुले येण्याआधीच उपटावे, नाहीतर बी सगळीकडे पसरते. नवीन रोप दिसले की आता मी मनाने नाव सांगत नाही. हात न लावता पाने, फुले बघतो, आधी आजीला आणि मग गुरुजींना विचारतो आणि वहीत लिहितो. वहीत अकरा नावे झाली आहेत. मुलांनो, तुम्हीही तसेच करा. ओळख पटल्याशिवाय कुठलेही रोप तोडू नका, खाऊ नका आणि माझ्यासारखे पाणीही घालू नका.

इयत्ता चौथी