विश्लेषण : सॅम गुडी कोण होते? स्वस्त रेकॉर्ड विकणाऱ्याचे नाव मॉलमध्ये महाग कसे झाले?

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील मेडफर्ड आणि ओहायोतील सेंट क्लेअर्सव्हिल येथील मॉलमध्ये ‘सॅम गुडी’ नावाची रेकॉर्ड, सीडी आणि करमणुकीच्या वस्तूंची दोन दुकाने उरली होती. २०२५ च्या सुरुवातीस तीही बंद झाली. एकेकाळी अमेरिकेतील अनेक मॉलमध्ये दिसणारी ही पाटी त्याबरोबर उतरली. हे एखाद्या कंपनीने बेतलेले नाव असावे, असे अनेक ग्राहकांना वाटे. प्रत्यक्षात सॅम गुडी हा न्यूयॉर्कमधील हाडाचा दुकानदार होता. अमेरिकेला सवलतीत रेकॉर्ड घेण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. मात्र त्यांच्या नावाची साखळी बुडाली, ती मुख्यतः इतरांनी तिच्यापेक्षा स्वस्त माल विकल्यामुळे. हे कसे घडले?

खेळण्यांच्या दुकानातून रेकॉर्डकडे...

सॅम गुडी यांचे मूळ नाव सॅम्युएल गुटोविट्झ. जन्म २५ फेब्रुवारी १९०४, न्यूयॉर्क. गुडी हे त्यांचे टोपणनाव आणि पुढे तेच कायमचे झाले. संगीताचे शिक्षण किंवा रेकॉर्ड कंपनीतील नोकरी अशी कोणतीही पार्श्वभूमी त्यांना नव्हती. १९३० च्या दशकात ते मॅनहॅटनच्या दक्षिण भागात खेळणी आणि किरकोळ गमतीच्या वस्तू विकत. एका गिऱ्हाइकाने जुन्या रेकॉर्ड आहेत का, असे विचारले. गुडी यांनी कुठून तरी त्या मिळवून दिल्या आणि अडगळीतल्या या तबकड्यांना मिळालेली किंमत पाहून ते चकित झाले, अशी हकिगत सांगितली जाते. तपशील काहीही असोत, त्यानंतर खेळणी मागे पडली आणि रेकॉर्ड हाच त्यांचा धंदा झाला.

जुन्या रेकॉर्डला त्या काळी मोल येण्यास आणखी एक कारण होते, आणि त्याचा संबंध भारताशी आहे. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेपासून बनवलेल्या असत. ही लाख अमेरिकेत प्रामुख्याने भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. नव्या तबकड्या कमी निघू लागल्या आणि जुन्या तबकड्यांची मोडसुद्धा गोळा केली जाऊ लागली.

एलपीने काय बदलले?

७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण चार मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावे. एखादी सिम्फनी ऐकायची तर जाडजूड आल्बममधील पाच-सहा तबकड्या एकामागून एक लावाव्या लागत. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी आणली. विनाइलची, मिनिटाला ३३ पूर्णांक एकतृतीयांश फेऱ्यांची ही तबकडी एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजे. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी बाजारात उतरवली. घरात तीन वेगांच्या रेकॉर्ड आणि त्या वाजवायला वेगवेगळी यंत्रे, असा गोंधळ उडाला. अनेक विक्रेते थांबून पाहत राहिले.

गुडी थांबले नाहीत. एलपी हेच भविष्य, असे ठरवून त्यांनी तिच्यावर पैसा लावला. ज्यांच्याकडे एलपी वाजवायचे यंत्रच नाही ते तबकडी घेणार कशी, हा पेच त्यांनी दुकानदाराच्या पद्धतीने सोडवला. ठरावीक रकमेच्या एलपी घेणाऱ्याला प्लेअर मोफत! यंत्र एकदा घरी गेले, की ग्राहक रेकॉर्डसाठी परत येणारच, हे त्यांनी ओळखले होते.

स्वस्ताईचे गणित काय होते?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीस बारा इंची एलपीची छापील किंमत सहा डॉलरच्या आसपास असे. दुकानदाराला त्यात सुमारे ३८ ते ४० टक्के मार्जिन मिळे आणि बहुतेक दुकानदार छापील किमतीलाच माल विकत. गुडी यांनी त्यातील सुमारे ३० टक्के सवलत म्हणून ग्राहकाला देऊन टाकली. एका तबकडीमागे हातात फार थोडे उरे. पण तबकड्या प्रचंड संख्येने खपत.

केवळ सवलतीवर हे साधले नसते. न्यूयॉर्कच्या पश्चिम ४९ व्या रस्त्यावरील त्यांच्या मुख्य दुकानात बड्या कंपन्यांबरोबर लहानसहान कंपन्यांच्या एलपीही ठेवलेल्या असत. त्या काळात चुंबकीय फितीमुळे ध्वनिमुद्रण स्वस्त झाले होते आणि अनेक छोट्या कंपन्या युरोपातील दुर्मीळ शास्त्रीय संगीत बाजारात आणत होत्या. गावातल्या दुकानात न मिळणारी तबकडी गुडींकडे मिळेल, ही खात्री लोकांना वाटू लागली. टपालाने मागणी नोंदवून माल घरपोच पाठवण्याची सोय असल्याने हा ग्राहक केवळ न्यूयॉर्कचा राहिला नाही. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एलपींपैकी सुमारे सात टक्के एकट्या गुडींकडून जात, असे मानले जाई. साहजिकच छापील किमतीला विकणारे इतर दुकानदार त्यांच्यावर चिडून होते.

मग दिवाळखोरी कशामुळे?

पातळ नफ्याच्या धंद्यात थोडा धक्काही मोठा ठरतो. येथे तर धक्के अनेक होते. जानेवारी १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टरने स्वतःच किमती उतरवल्या. ५ डॉलर ९५ सेंटची बारा इंची एलपी ३ डॉलर ९८ सेंटला आली. छापील किंमतच खाली आल्यावर सवलतीचे आकर्षण घटले. त्याच वर्षी कोलंबियाने टपालाने चालणारा रेकॉर्ड क्लब सुरू केला आणि इतर बड्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. म्हणजे गुडींना माल पुरवणाऱ्या कंपन्याच आता त्यांच्या टपाल-ग्राहकाकडे थेट पोहोचू लागल्या. दुसरीकडे, गुडींचे अनुकरण करणारे सवलतवालेही वाढले होते.

दरम्यान गुडी यांनी उपनगरांत विस्तार केला होता. देणी वाढली आणि १९५९ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले. तरीही दुकाने बंद पडली नाहीत. धनकोंशी तडजोड करून व्यवसाय पुन्हा उभा राहिला. बुडालेला सवलतवाला त्याच नावाने पुन्हा धंद्यात उभा राहतो, हे त्या काळी सोपे नव्हते.

मॉलशी नाते कसे जुळले?

महायुद्धानंतर अमेरिकी मध्यमवर्ग शहरातून उपनगरांकडे सरकला आणि दुकाने त्याच्या मागे गेली. १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातील इडायना येथे साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. पुढील मॉलना तो नमुना ठरला. त्याच सुमारास जवळच्या मिनिआपोलिसमध्ये म्युझिकलँड ही रेकॉर्ड दुकानांची साखळी सुरू झाली होती. पुढे मॉलमधील संगीतविक्रीत तिने मोठा वाटा मिळवला. डबे बनवणाऱ्या अमेरिकन कॅन या बड्या उद्योगाने १९७७ मध्ये म्युझिकलँडची पालक कंपनी विकत घेतली आणि १९७८ मध्ये सॅम गुडी यांची साखळीही. तेव्हा ती ईशान्य अमेरिकेपुरती आणि दोन डझनांहून थोड्या अधिक दुकानांची होती. सत्तरी ओलांडलेले गुडी मालकीतून बाहेर पडले. नाव मात्र विक्रीत गेले.

त्यानंतर लवकरच या नावाला डाग लागला. बनावट कॅसेटच्या व्यवहाराबद्दल १९८० मध्ये ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात सॅम गुडी कंपनी आणि तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यात आले. १९८१ मध्ये ज्युरीने कंपनीला दोषी ठरवले, पण न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला. खुद्द गुडी यांचा या खटल्याशी संबंध नव्हता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र नाव त्यांचेच होते.

नाव गुडींचे, धोरण उलटे?

१९८० च्या दशकात सीडी आली आणि मॉलमधील संगीत दुकानांना सुगीचे दिवस आले. लोक जुन्या एलपी टाकून तेच संगीत पुन्हा सीडीवर विकत घेत होते. मात्र मॉलमधील जागेचे भाडे भारी आणि जागा अपुरी. त्यामुळे खपणारा नवा माल पुढे आणि तोही छापील किमतीच्या जवळपास, असा या दुकानांचा शिरस्ता झाला. संपूर्ण साठा आणि मोठी सवलत ही गुडींच्या ४९ व्या रस्त्यावरील दुकानाची दोन्ही वैशिष्ट्ये त्यांच्या नावाच्या पाटीखाली राहिली नाहीत. ८ ऑगस्ट १९९१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी गुडी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावाची साखळी वाढत होती.

त्यानंतर काही वर्षांतच त्यांचेच हत्यार दुसऱ्यांनी उचलले. बेस्ट बायसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अवाढव्य दुकानांनी सीडी जवळपास खरेदी किमतीला विकायला सुरुवात केली. सीडीसाठी आलेला ग्राहक टीव्ही किंवा स्टिरिओ घेऊन जाईल, हा त्यामागचा हिशेब. मॉलमधल्या दुकानाकडे विकायला टीव्ही नव्हता. १९९५ मध्ये वेअरहाऊस आणि १९९६ मध्ये कॅमलॉट या संगीत साखळ्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. म्युझिकलँडही मोठ्या तोट्यात गेली.

यावर रेकॉर्ड कंपन्यांनी काढलेला उपाय वादग्रस्त ठरला. ठरावीक किमतीपेक्षा कमी किंमत जाहिरातीत दाखवणाऱ्या दुकानांना जाहिरातीसाठीचा निधी मिळणार नाही, अशी अट घालण्यात आली. ग्राहकांना यामुळे तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात ४८ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला असावा, असा अंदाज अमेरिकी व्यापार आयोगाने २००० मध्ये मांडला. अनेक राज्यांनी खटला भरला. त्यात पाच बड्या रेकॉर्ड कंपन्यांबरोबर म्युझिकलँडसह तीन किरकोळ विक्रेते प्रतिवादी होते. २००२ मध्ये सुमारे १४ कोटी ३० लाख डॉलरची रोकड आणि सीडी देऊन, आरोप मान्य न करता, तडजोड झाली. ज्या माणसाने छापील किंमत मोडून नाव कमावले, त्याच्या नावाची मालक कंपनी किमती चढ्या ठेवल्याच्या खटल्यात उभी होती.

शेवट कसा झाला?

२००१ मध्ये बेस्ट बायने म्युझिकलँड सुमारे ६८ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. तोवर नॅपस्टर येऊन गाणी इंटरनेटवर फुकट फिरू लागली होती. दोनच वर्षांत बेस्ट बायने रोख रक्कम न घेता, केवळ देणी अंगावरून उतरवून, ही कंपनी एका गुंतवणूक संस्थेला देऊन टाकली. त्याच २००३ मध्ये अॅपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकणारे दुकान इंटरनेटवर उघडले. जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँडने दिवाळखोरी जाहीर केली. उरलेली बहुतेक दुकाने प्रतिस्पर्धी ट्रान्स वर्ल्डकडे गेली आणि एक तर बंद झाली किंवा त्यांच्यावर दुसऱ्या नावाची पाटी लागली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दुकाने जुन्या नावाने चालत राहिली.

इंटरनेटने रेकॉर्डची दुकाने संपवली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हवे ते संगीत मिळेल आणि परवडेल, या दोन गोष्टींवर गुडींनी धंदा उभा केला होता. मॉलमधील साखळीने त्या सोडल्या, तेव्हा स्वस्ताई मोठ्या दुकानांनी नेली आणि साठा इंटरनेटने. १९५९ च्या दिवाळखोरीतून गुडी सावरले, कारण तेव्हा ग्राहकाला त्यांच्या दुकानात येण्याचे कारण उरले होते. २००६ मध्ये पाटीवर नाव तेच होते. ते कारण मात्र उरले नव्हते.