मेकॉले : कलम ३७५ च्या मागचा माणूस

मेकॉलेचं नाव आपल्याला साधारणपणे दोन ठिकाणी भेटतं. एकदा शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात, 'भारतात इंग्रजी शिक्षण आणणारा' म्हणून. आणि दुसऱ्यांदा फॉरवर्ड होऊन आलेल्या त्या मेलमध्ये, ज्यात तो म्हणे २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत उभा राहून भारताचा कणा मोडायची योजना सांगतो. गंमत अशी की त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, तो कलकत्त्यात होता! त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण खरं आहे आणि त्यात आपल्या विद्येबद्दल तुच्छतेने लिहिलंय हेही खरं. पण मेलमधलं ते भाषण त्याने कधी केलंच नाही.

असो. हा लेख त्या वादावर नाही. मेकॉलेने भारतात आणखी एक काम केलं, ज्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. त्याने या देशाच्या फौजदारी कायद्याचा मसुदा लिहिला. बलात्कार म्हणजे काय, कोणत्या कृत्याला तो म्हणायचं आणि कोणत्या कृत्याला नाही, हे या देशात सर्वांसाठी एकाच व्याख्येत बसवण्याचा पहिला प्रयत्न त्याच्या मसुद्यात आहे. त्या व्याख्येचा एक तुकडा आजही आपल्या कायद्यात आहे. म्हणून हा माणूस ओळखीचा असायला हवा.

थॉमस बॅबिंग्टन मेकॉलेचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा. वडील झॅकरी मेकॉले. तरुणपणी ते जमैकातल्या उसाच्या मळ्यावर नोकरीला होते. तिथे गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि पुढचं सारं आयुष्य गुलामगिरीविरुद्ध लढण्यात घालवलं. थॉमस वाढला तो अशा घरात. माणूस माणसाचा मालक असू शकत नाही, हे त्याला जेवणाच्या टेबलावरच शिकायला मिळालं.

पोरगा विलक्षण हुशार. वाचलेलं पानच्या पान पाठ व्हायचं. १८१८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. आणि इथे आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट : गणिताने त्याचा घात केला! एम-३ मध्ये गटांगळ्या खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मेकॉलेला गणिताचा मनापासून तिटकारा होता आणि त्यापायी त्याचं ऑनर्स हुकलं. पुढे तो बॅरिस्टर झाला, पण वकिली अशी चाललीच नाही. नाव झालं ते लेखणीवर. १८२५ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त मिल्टनवरचा त्याचा निबंध आला आणि पंचविशीतच तो लंडनमध्ये गाजला. १८३० मध्ये संसदेत पोहोचला.

१८३३ मध्ये गुलामगिरी बंद करणारा कायदा संसदेत आला. मेकॉले तेव्हा सरकारात पदावर होता. पण विधेयकातल्या अटी गुलामांवर अन्याय करणाऱ्या आहेत असं वाटून तो स्वतःच्याच सरकारविरुद्ध बोलला आणि राजीनामा पुढे केला. सरकारने तो घेतला नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण झालं आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्यासाठी एक सदस्य नेमायचं ठरलं. पगार वर्षाला दहा हजार पौंड! वडिलांचा धंदा बुडालेला, घरची जबाबदारी अंगावर. मेकॉले यायला तयार झाला. त्याने आयुष्यभर लग्न केलं नाही. त्याचा जीव होता तो दोन धाकट्या बहिणींवर, मार्गारेट आणि हॅना. हॅनाला सोबत घेऊन १८३४ च्या जून महिन्यात तो मद्रासला उतरला.

कलकत्त्यात आल्यावर काही महिन्यांतच हॅनाने कंपनीतला तरुण अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन याच्याशी लग्न केलं. आणि त्याच सुमारास इंग्लंडहून पत्र आलं : मार्गारेट गेली. मेकॉले पार कोसळला. ग्रीक आणि लॅटिन पुस्तकांत डोकं खुपसून त्याने ते दिवस काढले, आणि नंतर कामात.

काम कोणतं? तर देशाच्या फौजदारी कायद्याचा गुंता सोडवायचा. त्या वेळी बंगाल आणि मद्रास इलाख्यांत कंपनीच्या नियमांनी ठिगळं लावलेला इस्लामी फौजदारी कायदा चालत होता. आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात तयार झालेला १८२७ चा वेगळाच कायदा होता. कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांच्या हद्दीत इंग्रजी कायदा. म्हणजे गुन्हा तोच, पण शिक्षा तुम्ही कुठे उभे आहात यावर! इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनचे पार्ट वेगवेगळ्या स्टँडर्डचे.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली कायदा आयोग बसला. मुंबईकडून जॉर्ज अँडरसन त्यात होते. पण सहकारी एकामागून एक आजारी पडले आणि बरंचसं काम मेकॉलेच्याच अंगावर आलं. फ्रान्सची दंडसंहिता आणि अमेरिकेतल्या लुइझियानासाठी लिव्हिंग्स्टनने केलेली संहिता त्याने समोर ठेवली. भाषा शक्य तितकी सोपी ठेवली. व्याख्येखाली 'अ'ने 'झ'चं पाकीट घेतलं तर काय, अशी छोटी छोटी उदाहरणं टाकली. आपल्या टेक्स्टबुकात थिअरीनंतर सॉल्व्ह्ड एक्झाम्पल असतं, अगदी तसं. १८३७ मध्ये मसुदा गव्हर्नर जनरलकडे गेला.

या मसुद्यात एक गोष्ट फार मोठी आहे. त्या काळी भारतातही गुलामगिरी होती. मालकाने गुलामाला मारलं, कोंडलं तर ते माफ करायचं का, हा प्रश्न आयोगासमोर आला. मसुद्याने स्पष्ट नकार दिला. मोकळ्या माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलामाविरुद्धही गुन्हाच. करणारा मालक आहे म्हणून त्याला सूट नाही. झॅकरी मेकॉलेचा मुलगा इथे दिसतो.

आता त्याच मसुद्यातलं ३५९ वं कलम बघा. बलात्काराची व्याख्या. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय, भीती घालून संमती मिळवून, आपण तिचा नवरा आहोत असं भासवून, आणि नऊ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत संमती असो वा नसो. आणि शेवटी एक अपवाद : पुरुषाने स्वतःच्या पत्नीशी ठेवलेला संबंध कधीही बलात्कार ठरणार नाही. वयाची अट नाही, काही नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातल्या मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने मांडलेला विचार होता की लग्न करतानाच स्त्री कायमची संमती देते. तोच विचार या अपवादाच्या रूपाने आपल्याकडे आला. गुलामाच्या मालकाची सूट ज्या लेखणीने काढून टाकली, त्याच लेखणीने नवऱ्याची सूट लिहून ठेवली.

आयोगात एकही स्त्री नव्हती, एकही भारतीय नव्हता. तेव्हा असायची शक्यताही नव्हती. पण मसुदा लिहिणाऱ्याला जो प्रश्न पडत नाही, त्याचं उत्तर मसुद्यात येत नाही. समलिंगी संबंधांच्या कलमांबाबत तर मसुद्याच्या टिपणांत चर्चाच टाळली, विषय इतका किळसवाणा की त्यावर कमीत कमी बोलावं म्हणून. ज्यावर चर्चा झाली नाही तेच पुढे ३७७ कलमाच्या रूपाने दीडशे वर्षांहून जास्त काळ राहिलं. याच्या उलट, व्यभिचाराला गुन्हा करू नये असं मेकॉलेचं मत होतं. ते कलम पुढच्या आयोगाने घातलं, तेही फक्त दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा देणारं.

१८३८ च्या जानेवारीत मेकॉलेने भारत सोडला. जहाज समुद्रात असतानाच तिकडे वडील वारले. मसुदा मात्र कलकत्त्यात धूळ खात पडला. कलकत्त्यातले इंग्रज आधीच मेकॉलेवर चिडलेले होते, कारण १८३६ मध्ये त्यांचे अपिलाचे खास हक्क त्याने काढून घेतले होते. त्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी नुसते शेरे मारले. वीस वर्षं गेली!

मेकॉले मात्र तिकडे मोठा होत गेला. मंत्री झाला. १८४२ मध्ये त्याच्या रोमवरच्या कविता गाजल्या. १८४८ मध्ये इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन खंड निघाले आणि हातोहात खपले. १८५७ मध्ये तो लॉर्ड झाला. १८५९ मध्ये ट्रेव्हेलियन मद्रासचा गव्हर्नर झाला आणि आता हॅनाही भारतात जाणार हे ठरलं. थकलेल्या, हृदयविकाराने खचलेल्या मेकॉलेला ही ताटातूट सहन होईना. ती वेळ आलीच नाही. २८ डिसेंबर १८५९ ला लंडनच्या घरी खुर्चीतच त्याने प्राण सोडला.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना पक्क्या कायद्याची घाई झाली होती. बार्न्स पीकॉक यांनी मसुदा तपासून दुरुस्त केला आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. मेकॉलेने ती पाहिली नाही. बलात्काराची व्याख्या कलम ३७५ मध्ये आली, शिक्षा ३७६ मध्ये : जन्मठेप काळ्या पाण्याची किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. संमतीचं वय दहा. नवऱ्याचा अपवाद राहिला, फक्त पत्नी दहा वर्षांखाली नसावी एवढी अट आली.

एखादं डिझाइन चुकलं की ते लोड आल्यावर कळतं. इथे लोड आला १८९० मध्ये. कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी, वयाने कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. दहा वर्षं पूर्ण, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागेना. निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सजा झाली. मुंबईत बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीतच होते. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायची तयारी दाखवली तो खटलाही मुंबईचाच. १८९१ मध्ये संमतीचं वय बारा झालं. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. पुढे १९२५ आणि १९४९ मध्ये वय वाढत गेलं, पण नवऱ्याचा अपवाद हलला नाही.

दुसरा धक्का आपल्या विदर्भातून बसला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असा अर्थ काढला गेला. चार कायदाशिक्षकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं : घाबरून गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, किमान शिक्षा आली.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर २०१३ मध्ये व्याख्या पुष्कळ रुंदावली. संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार, आणि प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कायद्यातच लिहिलं गेलं. पाठलाग करणं, चोरून फोटो काढणं हे गुन्हे झाले. कॉलेजातल्या प्रत्येकाने हे दोन तरी नीट वाचावेत. 'मस्करी केली रे' हा बचाव त्यात कुठेही नाही. २०१८ मध्ये बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षं झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधले खासगीतले, संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले आणि व्यभिचाराचं कलम रद्द केलं.

१ जुलै २०२४ ला मेकॉलेची दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ३७५ चं कलम ६३ झालं. पण कलम ६३ शेवटपर्यंत वाचा. नवऱ्याचा अपवाद तिथे आहेच, फक्त पत्नी अठरा वर्षांखालची नसावी. ज्या इंग्लंडमधून हा विचार आला, तिथल्या न्यायालयाने तो १९९१ मध्येच फेकून दिला. मेकॉलेचीच संहिता वापरणाऱ्या सिंगापूरने २०२० पासून तो काढला. आपल्याकडे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नव्या संहितेत ३७७ पूर्णच गेल्यामुळे पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर नेमकं कलम कोणतं, हाही प्रश्न उभा राहिला.

मग मेकॉले चांगला की वाईट? मला वाटतं हा प्रश्न सोपा आहे म्हणून आपण विचारतो. पैशाच्या गरजेपोटी आलेला, बहिणीच्या दुःखात बुडालेला एक माणूस साडेतीन वर्षांत एवढं काम करून गेला, याचं कौतुक वाटतं. गोऱ्याला आणि काळ्याला, मालकाला आणि गुलामाला एका ओळीत उभं करायची हिंमत त्याने दाखवली, याचंही वाटतं. तीच हिंमत घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. त्याला निदान १८३७ सालाची सबब आहे. २०२३ मध्ये तोच अपवाद पुन्हा टाइप झाला, तेव्हा आपल्याकडे कोणती सबब होती?